शरीर तिचे, सही कोणाची?



दसरा झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. अशाच एका दिवशी, गावातला मुकादम दारात उभा असताना, एक बाई वेळ काढून आमच्या केंद्रात आली. वय एकतीस. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एक सोनोग्राफीचा रिपोर्ट, औषधांची दोन बिले आणि एका खासगी दवाखान्याची चिठ्ठी. चार वर्षांपूर्वी तिचे गर्भाशय काढले होते. तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, कंबर धरते, झोप लागत नाही. तक्रार करायला ती आली नव्हती. तिचा प्रश्न साधा होता. "ताई, माझी निस्ती पिशवीच काढली, का अंडाशय बी काढले, ह्ये ह्या कागदावर कुठं लिवलंय का बघा."

आम्ही सगळे कागद चाळले. कुठेही लिहिलेले नव्हते. ऑपरेशनची नोंद नाही, डिस्चार्ज कार्ड नाही, काढलेला भाग तपासायला पाठवला होता की नाही याचा पत्ता नाही. "सही कोणी केली होती?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "मालकानं केली. मला आत घेतलं व्हतं."

स्वतःच्या शरीरातून काय काढून टाकले हे एका बाईला चार वर्षे माहीत नाही, ही गोष्ट मनातून जाईना. म्हणून या अंकाचे संपादकीय वैद्यकीय निष्काळजीपणावर आणि रुग्ण म्हणून आपल्याला असलेल्या कायदेशीर हक्कांवर लिहायचे ठरवले. पेशंटच्या पोटात बोळा विसरला की तो निष्काळजीपणा, हे सगळ्यांना पटते. तिला न विचारता, न सांगता, तिच्याऐवजी दुसऱ्याची सही घेऊन तिचे शरीर कापणे हाही कायद्याच्या दृष्टीने कर्तव्यातला कसूर आहे, हे मात्र आपल्यातल्या अनेकींनाही ठाऊक नसते.

ही बाई एकटी नाही. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत खासगी रुग्णालयांमध्ये ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती २०१९ मध्ये विधिमंडळात दिली गेली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्यातल्या कितीतरी तिशी-पस्तिशीच्या आतल्या. फडावर नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, आगाऊ उचल घेतलेली असते, एका दिवसाचा खाडा झाला की दंड बसतो. आडोसा नाही, पाणी नाही, संडास नाही. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे या तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात गेली की औषधाच्या आधी ऐकू येते, "पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल." भीती अशी घातली की बाई स्वतःच म्हणते, काढून टाका. मग उचलीत आणखी काही हजारांची भर पडते.

इथे एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. या सगळ्याला एकटा डॉक्टर जबाबदार नाही. खाड्याचा दंड कारखानदारीच्या व्यवस्थेतून येतो, आणि सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नसला तर तो दोष सरकारचा आहे. पण हातात सुरी असलेल्या माणसाची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

निष्काळजीपणा कशाला म्हणायचे?

उपचार करूनही पेशंट बरा झाला नाही किंवा दगावला, म्हणून तो आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. वैद्यकशास्त्रात धोका असतोच. कायदा डॉक्टरकडून चमत्कार मागत नाही. त्या शाखेचा साधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्या एवढेच मागतो. पाय मोडलेल्या एका तरुणाच्या मृत्यूवरून पुण्यातील डॉक्टरवर झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. पेशंट हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. यापैकी एकातही कसूर झाली आणि त्या कसुरीमुळेच पेशंटचे नुकसान झाले, तर तो निष्काळजीपणा. कर्तव्य, कसूर, नुकसान आणि कसूर-नुकसान यांतला दुवा, या चार गोष्टी तक्रार करणारीला दाखवाव्या लागतात. त्यातला शेवटचा दुवा सर्वांत कठीण, कारण तो दाखवायला दुसऱ्या डॉक्टरचे मत लागते आणि एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध सहसा बोलत नाही.

काही वेळा मात्र घटनाच बोलते. १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापडाचा बोळा राहिला, पू झाला, पोट पुन्हा उघडावे लागले आणि काही दिवसांत ती वारली. राज्य सरकारने जबाबदारी झटकली. खालच्या कोर्टाने दिलेली भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली. शेवटी अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की, बोळा आत राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे आणि सरकारी नोकरांच्या चुकीची भरपाई सरकारने दिली पाहिजे. भरपाई होती ३६,००० रुपये. त्यासाठी तेहतीस वर्षे लागली. न्याय झाला म्हणायचे, पण आईविना वाढलेल्या लेकरांची तेव्हा चाळिशी जवळ आली असेल.

कुटुंबनियोजनाच्या नावाखाली बायकांची शरीरे कशी हाताळली जातात, हे नंतरही दिसत राहिले. जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत रात्री अवघ्या दोन तासांत ५३ स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या शिबिरात एकाच दिवशी ८३ जणींवर शस्त्रक्रिया झाल्या आणि १३ जणी दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना ही शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. या याचिकेच्या मागे स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलेली माहिती होती, हे आपण विसरू नये.

संमती कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दिल्लीतील एक ४४ वर्षांची अविवाहित स्त्री १९९५ मध्ये पाळीच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेली. दुर्बिणीतून तपासणी करायला तिने संमती दिली. ती भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर असताना बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या आईची सही घेण्यात आली आणि तिचे गर्भाशय, बीजकोश व बीजनलिका काढून टाकण्यात आल्या. डॉक्टर स्त्रीच होती. हेतू वाईट होता असे न्यायालयानेही म्हटले नाही. तरीही समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितले, ते प्रत्येक स्त्रीगटाने पाठ करावे असे आहे.

एक, सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या पेशंटच्या वतीने आई, नवरा, भाऊ कोणीही संमती देऊ शकत नाही. जीव वाचवण्यासाठी क्षणाचाही उशीर चालणार नाही, अशी वेळ असली तरच अपवाद. दोन, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही. "पुन्हा पोट उघडावे लागू नये म्हणून एकदमच काढले" हे कारण चालत नाही. तीन, संमती घेण्याआधी आजार काय आहे, उपचार काय आणि कशासाठी, त्यातून काय साधेल, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढे सांगितलेच पाहिजे.

निकालाची दुसरी बाजूही पाहू. तेराव्या वर्षी त्या स्त्रीला भरपाई मिळाली २५,००० रुपये. डॉक्टरांची फी बुडाली ती वेगळी. शिवाय किती माहिती द्यायची याचे माप न्यायालयाने डॉक्टरांच्या हातात ठेवले. साधारण कुशल डॉक्टर जेवढे सांगेल तेवढे पुरे, असे ठरवले. इंग्लंडमध्येही अनेक वर्षे हेच माप होते. बाळंतपणातला धोका न सांगितलेल्या एका आईच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते बदलले. त्या जागी असलेल्या पेशंटला काय जाणून घ्यावेसे वाटेल, ते सांगितलेच पाहिजे असे ठरले. आपल्याकडे हा बदल अजून व्हायचा आहे.

आणि नियमांच्या पुस्तकातच एक काटा आहे. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. त्यातल्या ७.१६ क्रमांकाच्या नियमात असे म्हटले आहे की, ज्या शस्त्रक्रियेमुळे मूल होण्याची क्षमता जाईल तिला नवरा आणि बायको दोघांचीही संमती लागते. दवाखान्यातली कारकून बाई "मालकांना बोलवा" म्हणते ती याच्या जोरावर. दुसरीकडे, १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची लागत नाही. सरकारच्या स्वतःच्या नसबंदीच्या नियमावलीतही जोडीदाराची संमती आवश्यक नाही. म्हणजे एकच शरीर, एका कागदावर तिचे आणि दुसऱ्या कागदावर दोघांचे. व्यवहारात तर हा 'दोघांची' नियमही पाळला जात नाही. नवऱ्याची सही झाली की बाईची विचारतच नाहीत. आमच्याकडे आलेल्या त्या बाईचे तेच झाले.

आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना १९९४ आठवत असेल. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. त्यांना पाळीतली स्वच्छता जमत नाही, असे कारण दिले गेले. आपल्या संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेव्हा आपण म्हणत होतो की सांभाळणाऱ्याची सोय म्हणजे त्या मुलीचे हित नव्हे. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्याने बावीस वर्षांनी तेच म्हटले. मूल होण्याची क्षमता घालवणारा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, माहिती घेऊन दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. कायदा उशिरा येतो, पण रस्त्यावरची मागणी त्याच्या आधी पोचलेली असते.

कागद म्हणजे पुरावा

निष्काळजीपणाची तक्रार घेऊन आलेल्या दहापैकी नऊ जणींकडे कागद नसतात. कागद मागणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत आहे. ती सोडून द्यायला हवी. २००२ च्याच नियमांप्रमाणे पेशंटने किंवा तिच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदींची प्रत द्यावी लागते आणि दाखल पेशंटच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. तीन वर्षे, हा आकडा लक्षात ठेवा.

मागणी लेखी करावी, दोन प्रती काढाव्यात आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. नुसते 'फाईल द्या' असे लिहू नये. दाखल असतानाचा संपूर्ण केसपेपर, संमतीपत्र, भूल देणाऱ्या डॉक्टरची नोंद, ऑपरेशनची नोंद, नर्सच्या नोंदी, सर्व तपासण्यांचे रिपोर्ट, काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि पावत्या असे एकेक नाव लिहावे. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवावे. मृत्यू झाला असेल आणि शंका असेल, तर प्रेत ताब्यात घेण्याआधी पोस्टमॉर्टेमची मागणी लेखी करावी. दुःखाच्या त्या घटकेला हे सांगणे क्रूर वाटते, पण नंतर काहीच सिद्ध होत नाही. त्याच रात्री, आठवण ताजी असताना, कोणत्या वेळी काय झाले, कोण डॉक्टर आले, काय बोलले, हे तारीखवार लिहून ठेवावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे.

संमतीपत्रावर "होणाऱ्या बऱ्यावाईट परिणामांना आम्ही जबाबदार राहू" असे छापलेले असते. ते वाचून अनेकजणी गप्प बसतात. शस्त्रक्रियेत जो धोका असतोच, तो तुम्ही पत्करता एवढाच त्याचा अर्थ. अशा सहीने डॉक्टरला निष्काळजीपणाची मोकळीक मिळत नाही.

दाद कुठे मागायची?

चार दारे आहेत आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे.

पहिले दार ग्राहक आयोगाचे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवले. १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आरोग्यसेवेचा शब्द नसल्याने आता डॉक्टर सुटले, असा युक्तिवाद झाला, पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो फेटाळला. दवाखान्याला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जायचे. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. नव्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑपरेशन झालेल्या शहरात खेपा घालायला नकोत. मुदत मात्र दोन वर्षांची. उशिराचे सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. सर्वांनाच पूर्ण मोफत उपचार देणाऱ्या दवाखान्याविरुद्ध या दाराने जाता येत नाही. काहीजण पैसे भरतात आणि काहींना मोफत उपचार मिळतात, अशा ठिकाणी मात्र मोफतवाल्यांनाही हा हक्क आहे. विमा कंपनीने पैसे भरले असले तरी तुम्ही ग्राहकच.

दुसरे दार वैद्यक परिषदेचे. महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. तिथे पैसे मिळत नाहीत, पण डॉक्टरला ताकीद मिळू शकते किंवा त्याचे नाव नोंदवहीतून काही काळासाठी वा कायमचे काढले जाऊ शकते. डॉक्टरांनी डॉक्टरांचा न्याय करायचा, ही त्यातली अडचण सगळ्यांना माहीत आहे. तरी संमती न घेणे, कागद न देणे अशा सरळ नियमभंगासाठी हे दार ठोठवावेच.

तिसरे दार फौजदारी. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १०६ कलम लागते. डॉक्टरला त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने सांगितले आहे की, फौजदारी गुन्ह्यासाठी कसूर घोर स्वरूपाची असली पाहिजे. पोलिसांनी आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावे आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये.

चौथे दार सरकारी दवाखान्यांसाठी. तिथल्या कसुरीबद्दल दिवाणी दावा, उच्च न्यायालयात याचिका आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. आयोगाकडे एक वर्षाच्या आत जावे लागते. दवाखाना खासगी असेल तर त्याची नोंदणी ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याच्याकडेही लिहावे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. तुमच्या गावातल्या किती दवाखान्यांत ते लावले आहे, हे पाहायला एक दुपार पुरते.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, या प्रश्नालाही उत्तर आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचे कार्यालय असते.

भरपाईच्या आकड्यांबद्दल एक शब्द. १९९८ मध्ये कोलकात्यातील उपचारांनंतर मुंबईत वारलेल्या, अमेरिकेत राहणाऱ्या एका स्त्रीच्या खटल्यात २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपये मंजूर झाले, कारण तिच्या पुढच्या मिळकतीचा हिशेब धरला गेला. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची मिळकत मात्र नवऱ्याच्या कोयत्यात जमा असते. घरकामाला मोल आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या खटल्यांत २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितले. तो युक्तिवाद वैद्यकीय खटल्यांत आपल्या वकिलांनी आग्रहाने मांडायला हवा.

राग कोणावर काढायचा?

मार्च २०२२ मध्ये राजस्थानातील लालसोट येथे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने एक स्त्री वारली. जमावाने दवाखान्यापुढे गोंधळ घातला, पोलिसांनी डॉक्टरबाईंवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्महत्या केली. सगळी काळजी घेऊनही असा रक्तस्राव होऊ शकतो. दोन बायका गेल्या आणि उत्तर कोणालाच मिळाले नाही. दवाखान्याच्या काचा फोडण्यात पुढे असणारे पुढारी दोन वर्षांच्या खटल्यात बाईबरोबर एकाही तारखेला दिसत नाहीत, हा आपला अनुभव आहे. गर्दी तडजोडीची रक्कम ठरवून निघून जाते. काय चुकले हे उघड होत नाही आणि पुढच्या बाईच्या वाट्याला तेच येते. आपल्याला डॉक्टरांची भीती नको आणि डॉक्टरांना आपली भीती नको. हवा आहे तो हिशेब.

आपल्या गटांनी काय करावे?

थोडे आपल्याकडेही पाहू. मारहाणीची तक्रार आली की आपण बाईबरोबर पोलीस ठाण्यात जातो. ऑपरेशनला निघालेल्या बाईबरोबर मात्र आपल्यातली कितीजणी दवाखान्यात जाते? दवाखान्याचा विषय आला की "डॉक्टरांनाच कळतं" असे आपणही म्हणतो. शिबिरांमधून शरीराची ओळख करून देणारी चित्रे आपण पुन्हा बाहेर काढली पाहिजेत. गर्भाशय म्हणजे काय, बीजकोश म्हणजे काय, एक काढले तर दुसरे का राहू द्यायचे, हे कळलेली बाई सही करण्याआधी विचारेल.

विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. मला काय झाले आहे? ऑपरेशन न करता औषधाने भागेल का? थांबले तर काय होईल? नेमके काय काढणार आणि काय ठेवणार? दुसऱ्या डॉक्टरचे मत घेऊ का? हे पाच प्रश्न एका चिठ्ठीवर छापून फडावर निघणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाती द्यावेत, असे आम्ही ठरवले आहे. दुसरे मत घेणे हा २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतला हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हीसुद्धा मागणी नव्हे, हक्क आहे.

दुसरे काम सरकारकडे मागण्या लावून धरण्याचे. अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्धच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक सूत्रे तीन महिन्यांत स्वीकारण्यास सांगितले. त्यांत जिल्हावार देखरेख समित्या आहेत. तुमच्या जिल्ह्यात ती समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आणि ७.१६ चा नियम बदलावा, संमती फक्त त्या स्त्रीचीच असावी, असा ठराव आपापल्या गटात करून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला पाठवा.

त्या बाईला आम्ही काय सांगितले? खरे ते सांगितले. दोन वर्षांची मुदत गेली आहे, नोंदी जपण्याची तीन वर्षेही उलटली आहेत. तरीही दवाखान्याला कागदांसाठी पत्र लिहिले, तिच्या अंगठ्यानिशी. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. सोबत जिल्हा रुग्णालयात नेऊन पुन्हा सोनोग्राफी करवून घेतली. अंडाशय दोन्ही बाजूंना दिसत नाहीत, असे त्या डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहत, तिला समजेल अशा शब्दांत सांगितले. हाडांसाठी गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चार वर्सं झाली ताई, पर मला कुणी समोर बसवून सांगितलं ते आज." रिपोर्टची झेरॉक्स तिने आठ घड्या करून कनवटीला लावली आणि संध्याकाळच्या गाडीने ती फडावर गेली.

तिची थोरली मुलगी चौदा वर्षांची आहे. दोन वर्षांत तिचेही लग्न लावून तिचा कोयता होईल. तिच्यावर अशी वेळ येऊ नये, आणि आलीच तर सही तिची असावी आणि कागद तिच्या हाती असावेत, एवढे काम आपल्याला तिथवर करायचे आहे.

तुमच्या भागातले अनुभव, ठराव आणि दवाखान्यांच्या पाहणीची माहिती आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ती एकत्र छापू.

— संपादक मंडळ